भूतकाळाच्या मोहातली भीती दाखवणारा एखादा चांगला भयपट सुचवाल का?

एडगर राइटचा ‘लास्ट नाइट इन सोहो’ (२०२१) बघा. एलोइज कॉर्नवॉलहून फॅशन शिकायला लंडनला येते. साठच्या दशकातली गाणी, कपडे यांचं तिला वेड. भाड्याच्या खोलीत झोपली की ती थेट त्याच काळात पोहोचते आणि गायिका व्हायला निघालेल्या सँडीचं आयुष्य आरशातून पाहू लागते. ती पहिली रात्र इतकी देखणी आहे की आपणही भाळतो. मग हळूहळू त्याच झगमगाटात मुलींचे लचके तोडणारे पुरुष दिसायला लागतात.

शेवट मला थोडा ताणलेला वाटला. पण ‘तेव्हा सगळं किती छान होतं’ असं कुणी म्हटलं की आता मला सँडीचा चेहरा आठवतो. ब्रिटिश अभिनेत्री डायना रिग यांचा हा अखेरचा चित्रपट. त्यांच्यासाठी तरी चुकवू नका.