उपग्रह असताना किनाऱ्यावरच्या केंद्रात वर्षानुवर्षे हवेतले वायू मोजत बसण्यात काय अर्थ आहे?

तुम्ही लिहिलंय की अशाच एका केंद्रावर नोकरी मिळतेय, पण मित्र म्हणतात उपग्रहांच्या काळात ही निव्वळ कारकुनी. आहेच कारकुनी. मी ती अकरा वर्षं केली. म्हणूनच ‘कारकुनी’ हा शब्द वाचून हात शिवशिवले.

उपग्रहाचं आधी उरकतो. तो जमिनीपासून वरपर्यंतचा हवेचा अख्खा स्तंभ एकदम बघतो, ढग आले की आंधळा होतो आणि त्याचे आकडे खरे की खोटे हे जमिनीवरच्या मोजमापांशीच ताडावं लागतं. सीएफसी-११ या ओझोनचा थर विरळ करणाऱ्या वायूचं प्रकरण वाचा. २०१० पासून जगभर उत्पादनावर बंदी, तरी हवेतलं त्याचं प्रमाण घटायचा वेग मंदावल्याचं २०१८ मध्ये उघड झालं. कुठून येतंय हे कोणी सांगितलं? दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरचं गोसान आणि जपानचं हातेरुमा, दोन्ही किनाऱ्यावरची केंद्रं. २०१९ मध्ये बोट थेट पूर्व चीनमधल्या शानडोंग आणि हेबेई प्रांतांकडे गेलं. ही केंद्रं त्याआधी कित्येक वर्षं रोज तेच ते मोजत बसली होती म्हणूनच हे जमलं.

आता माझी गोष्ट. केंद्राचं नाव विचारू नका.

कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र स्वतःहून काही जाणत नाही. ठरावीक वेळाने त्याला सिलिंडरमधली, कार्बन डायऑक्साइड किती ते आधीच मोजलेली हवा पाजायची, सिलिंडरच्या टॅगवर लिहिलेला तो आकडा खरा धरायचा आणि त्यावरून बाहेरच्या हवेचं वाचन लावायचं. उत्तर गोलार्धात दोन केंद्रांचे आकडे एकमेकांशी ०.१ पीपीएमच्या (म्हणजे दहा लाखांत ०.१ भाग) आत जुळावेत अशी अपेक्षा असते. ४०० च्या वरच्या आकड्यात ०.१! आमचा रिवाज असा, की आतला दाब २५ बारवर (बार हे दाबाचं एकक) आला की सिलिंडर उतरवायचा. नवे साहेब आले आणि म्हणाले, “अजून गॅस आहे ना? मग चालू दे.” चालू दिला. पार ६ बारपर्यंत.

दाब उतरला की सिलिंडरच्या आतल्या भिंतीला चिकटलेला कार्बन डायऑक्साइड सुटून हवेत मिसळतो. म्हणजे टॅगवरचा आकडा तोच राहतो आणि आतला खरा आकडा वर सरकतो. यंत्राला ते कळत नाही, ते बाहेरची हवा तेवढीच कमी दाखवतं. आमच्या आलेखात वाढ किंचित मंदावलेली दिसायला लागली. साहेब खूश! सादरीकरणात त्यावर स्वतंत्र स्लाइड. आठवड्याला आम्ही काचेचे फ्लास्क भरून दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवायचो (वाऱ्याकडे तोंड करून, श्वास रोखून, नाहीतर स्वतःचाच उच्छ्वास मोजला जातो). त्यांचे आकडे आमच्यापेक्षा दर महिन्याला थोडे अधिकाधिक वर. साहेबांचं उत्तर ठरलेलं: “फ्लास्क नीट भरत नाही तू.”

शेवटी नवा सिलिंडर लागला आणि आलेखाने टुणकन उडी मारली. मी जुना सिलिंडर नव्याच्या शेजारी जोडून पाहिला, आकडा टॅगपेक्षा ०.१३ पीपीएमने जास्त. साहेब म्हणाले, नवाच सदोष असणार. तो वाद बदली होईपर्यंत मिटला नाही. तो सगळा काळ डेटात आज ‘संशयास्पद’ म्हणून खूण केलेला पडून आहे. गेलेल्या वर्षाची हवा पुन्हा मोजता येत नाही. टास्मानियातल्या केप ग्रिमवाल्यांनी १९७८ पासून हवा टाक्यांत भरून ठेवली म्हणून त्यांना भरताना कुणालाही न सुचलेले वायूही नंतर शोधता आले. सगळ्यांकडे कुठे तशा टाक्या असतात.

किनाराच का, तर समुद्रावरून लांबून आलेली हवा जवळच्या धुरापासून मोकळी असते. पण नुसती वाऱ्याची दिशा बघून ‘स्वच्छ’ शिक्का मारू नका. रात्री मतलई वाऱ्यांनी समुद्रावर नेलेला धूर दुपारी खाऱ्या वाऱ्यांबरोबर परत येतो. नवशिके इथे हमखास फसतात, मीही फसलो होतो.

उपग्रह कुचकामी आहेत असं मात्र नाही. जिथे केंद्रच नाही तिथे तेच बघतात आणि मिथेनच्या मोठ्या गळत्या झकास पकडतात. सिलिंडरमधला हा घोटाळाही सगळीकडे आमच्याइतका होत नाही. धातू, आकार, हवा किती वेगाने काढता, यावर ठरतं.

नोकरी घ्यावी का? पगार आणि बढती हे तुमचं तुम्ही बघा. मुलाखतीत एवढंच विचारा, की सिलिंडर किती बारला उतरवता. “संपला की” असं उत्तर आलं तर घेऊ नका.

आणि साहेब, वाचत असाल तर, २६ बारला उतरवू का असं मी विचारलं होतं. लॉगबुकात आहे, तुमच्या सहीसकट.