'एलियन'चे पार्श्वसंगीत चित्रपटात ऐकलेलेच आहे, मग त्याचा संपूर्ण संच वेगळा का ऐकावा?

कारण जेरी गोल्डस्मिथ यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले बरेच संगीत चित्रपटात ऐकूच येत नाही. १९७९ च्या या भयपटाचे संकलन करताना टेरी रॉलिंग्ज यांनी गोल्डस्मिथ यांच्याच 'फ्रॉइड' (१९६२) या चित्रपटातील काही तुकडे तात्पुरते जोडले होते. ते इतके रुचले की त्यांतील काही कायम राहिले, आणि अखेरीस तर अमेरिकन संगीतकार हॉवर्ड हॅन्सन यांच्या दुसऱ्या सिंफनीचा भाग वाजतो. शीर्षकसंगीतही गोल्डस्मिथ यांना दुसऱ्यांदा लिहावे लागले. पहिल्यात अवकाशाचे गूढ आणि भव्यता होती. दिग्दर्शक रिडली स्कॉट यांना मात्र सुरुवातीपासूनच अस्वस्थ करणारे काही हवे होते.

त्या वेळच्या तबकडीत निवडक भागच होते. इंट्राडा या कंपनीने २००७ मध्ये दोन सीडींचा संच काढला, तेव्हा मूळ रचना आणि बदलून लिहिलेल्या रचना शेजारी-शेजारी ऐकता आल्या. गोल्डस्मिथ २००४ मध्येच वारले होते, याची मला फार हळहळ वाटते.

मी वडसा परिसरात झाडीपट्टीच्या नाटकांना ऑर्गनची साथ करतो, त्यामुळे भीतीच्या प्रवेशात सूर केव्हा धरावा आणि केव्हा सोडावा हा माझ्या नित्याच्या कामातला प्रश्न आहे. नट बोलू लागला की साथ खाली आणावीच लागते. चित्रपटातही संवाद आणि यानाच्या घरघरीखाली संगीतातील बारकावे दबतात. संचात ते मोकळे होतात. शंख, डिजेरिडू हे ऑस्ट्रेलियातील लांब नळीचे वाद्य आणि सर्पेंट हे नागमोडी आकाराचे जुने सुषिर वाद्य यांचे नाद ऑर्केस्ट्रात असे मिसळले आहेत की आवाज माणसाचा, प्राण्याचा की वाऱ्याचा हे कानाला ठरवता येत नाही, आणि माझ्या मते या संगीतातील खरी भीती मोठ्या आघातांपेक्षा त्या अनिश्चिततेत आहे.

ऐकताना आधी बाजूला ठेवलेले शीर्षकसंगीत ऐकावे, लगेच बदललेले ऐकावे. त्यानंतर गोल्डस्मिथ यांनी शेवटासाठी लिहिलेली रचना लावून चित्रपटाचा अखेरचा प्रसंग आवाज बंद करून पाहावा. हॅन्सन यांची सिंफनी सुंदर असली, तरी मला तिथे गोल्डस्मिथ यांचाच शेवट अधिक योग्य वाटतो.