दिवाळी अंकाच्या नव्या संपादकास

स. न.

अंकाचं अंदाजपत्रक मांडलंस की चित्रकारांचं मानधन कितव्या ओळीत आलंय ते आधी बघ. बहुतेक ठिकाणी ते तळाला असतं. कागदवाल्याला रोख, छापखान्याला आगाऊ, आणि चित्रकाराला ‘जाहिरातींचे पैसे आले की बघू’. जाहिरातींची वसुली दिवाळीनंतर महिनोन्‌महिने रेंगाळते, चित्रं मात्र ऑगस्टमध्येच हाती आलेली असतात. म्हणजे अंक त्यांच्या उधारीवर निघतो. तू मानधन कागदाच्या शेजारी मांड. काम सांगताना निम्मं, कच्चं रेखाटन पसंत पडलं की पाव, चित्र हाती आलं की उरलेलं. ऐनवेळी कथा गळली, तरी तोवरचे पैसे चित्रकाराचेच.

कथा पूर्ण पाठव, सारांश नको. पानाचा आकार, चारी बाजूंना कापणीसाठी ३ मिमी जादा जागा, रंगीत की एकरंगी, हे पहिल्याच निरोपात हवं. मुखपृष्ठावर अंकाचं नाव कुठे बसणार तेही तेव्हाच सांग. ते मागाहून टाकलं की नेमका चेहरा झाकला जातो आणि चित्र पुन्हा काढायला लावतात, तेही फुकट. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या मानधनात धर, तिसरीचे वेगळे दे.

हक्कांकडे फार दुर्लक्ष होतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन रंगवून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, काम सांगणारा ठरतो. पुष्कळ चित्रकारांना हे ठाऊकच नसतं. म्हणून एक पानभर लिहून सही कर: हक्क चित्रकाराचा, आम्हाला यंदाच्या छापील अंकापुरती परवानगी. ई-अंक, कॅलेंडर, शुभेच्छापत्रं यांचे पैसे निराळे. परवानगीची मुदत जरूर लिही, नाहीतर कायदा ५ वर्षं धरतो. कागदावरचं मूळ चित्र स्कॅन करून परत कर. ते विकता येतं, ती चित्रकाराची मिळकत आहे. नाव चित्राजवळच छाप.

‘उद्यम’ नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या चित्रकाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशिरावर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या ‘बँक दरा’च्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं.

पाच चित्रांपुरतेच पैसे असतील तर पाचच चित्रं घे. दहा जणांना अर्धं अर्धं देऊ नकोस. आणि मुखपृष्ठाचं काम जूनमध्येच सांगून टाक, गणपतीच्या तोंडावर बऱ्याच जणांकडे मंडळांची कामं असतात.