बर्मिंगहॅममध्ये जुनी गाडी घेताना एमओटीचा इतिहास कसा वाचायचा

कोथरूडहून बर्मिंगहॅमला येताय, तीन हजार पौंडांत २०११ च्या आसपासची गाडी घ्यायची आहे, डिझेल फोर्ड फोकस घ्यावी की पेट्रोल होंडा जॅझ हे ठरत नाहीये, आणि एवढी जुनी गाडी इथल्या वार्षिक तपासणीत, म्हणजे एमओटीत, दरवर्षी पास होईल का, असं तुम्ही विचारलंय. होते, नीट निवडली तर. फक्त पुण्यात सेकंडहँड गाडी बघताना आपण जे तपासतो, ते या तपासणीत जवळजवळ येतच नाही.

आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, क्लच दाबून बघतो, एसी किती गार होतो ते पाहतो. एमओटीत इंजिन, क्लच, गिअरबॉक्स कुठल्या अवस्थेत आहेत हे तपासतच नाहीत. गाडी रॅम्पवर चढते आणि निकाल बराचसा खालून लागतो. पुण्यात खासगी गाडीला १५ वर्षं होईपर्यंत पीयूसी पुरते, आरटीओत गाडी दाखवायची वेळ त्यानंतर येते. इथे पहिल्या नोंदणीला तीन वर्षं झाली की दरवर्षी एमओटी. गाडीसाठी फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड, त्याहून अधिक कुणी घेऊ शकत नाही.

सगळ्यात आधी गंज. हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते चाकांनी उडून गाडीच्या पोटाला लागतं. पुण्यात वाढलेल्या माणसाला ही सवयच नसते, कारण आपल्याकडे पत्रा वर्षानुवर्षं टिकतो. नियम असा आहे: सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक किंवा सीटबेल्ट बॉडीला जिथे जोडलेले असतात, त्या जागेच्या ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमजोर झाला असेल तर गाडी नापास. तिथे पुट्टी भरून किंवा रिव्हेट मारून लावलेलं ठिगळ चालत नाही, सलग वेल्डिंगच लागतं. ते काम मजुरीचं असतं आणि इथे मजुरीच महाग. तपासणारा गाडीचा कुठलाही भाग सुटा करून बघत नाही, त्यामुळे लेपाखाली गंज लपू शकतो, म्हणून खालून ताजा काळा अंडरसील (गंजरोधक लेप) फासलेली जुनी गाडी दिसली तर मी ती सोडून देईन.

हे सगळं गाडी बघायला जाण्याआधीच कळू शकतं, आणि माझ्या मते इथली सर्वांत उपयोगी सोय हीच आहे. सरकारी संकेतस्थळावर नुसता नंबर प्लेटवरचा नंबर टाकला की २००५ पासूनच्या सगळ्या एमओटी फुकट दिसतात: तारीख, त्या दिवशीचं मायलेज (गाडी तोवर एकूण किती मैल धावली ते), पास की नापास, आणि प्रत्येक दोष शब्दांत. पुण्यात बसूनही बघता येतं. मे २०१८ पासून दोषांचे तीन वर्ग आहेत, डेंजरस, मेजर आणि मायनर. पहिल्या दोहोंनी गाडी नापास होते. त्याशिवाय ॲडव्हायजरी असतात, म्हणजे आज चालेल पण लक्ष ठेवा. ‘पास’ हा शब्द बघून थांबू नका, ॲडव्हायजरी वर्षाला वर्ष लावून वाचा. यंदा ‘ब्रेक पॅड झिजत आलेत’ आणि पुढच्या वर्षी ती ओळ गायब, म्हणजे मालकाने काम करून घेतलं. तीच ओळ तीन वर्षं तशीच आणि मग नापास, म्हणजे मालक मोडेपर्यंत हात लावत नाही. त्याने ऑइलही वेळेवर बदललं नसणार, असं मी धरून चालतो. मागच्या सबफ्रेमवर (सस्पेन्शन धरणाऱ्या लोखंडी चौकटीवर) किंवा दारांखालच्या सिलवर गंजाची ओळ आली की ती परत जात नाही. मायलेज एखाद्या वर्षी मागे गेलेलं दिसलं तर विषय संपला.

गंजाखालोखाल येतात स्प्रिंगा. खड्डे आणि मीठ मिळून कॉइल स्प्रिंगचा शेवटचा वेढा तुटतो. गाडी चालवताना काहीच जाणवत नाही, पण तपासणीत मेजर. मग सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट. बूट फाटून आत घाण जाऊ लागली तर नापास, आणि तसंच चालवत राहिलात तर जॉइंटही बदलावा लागतो. ब्रेकच्या लोखंडी नळ्या गंजतात. पॅड १.५ मिलिमीटरपेक्षा पातळ झाले की नापास. हँडब्रेकची पकड चाकांखालच्या फिरत्या रोलरवर मोजतात. मागचे ब्रेक एका बाजूला जाम झाले असतील तर तिथे लगेच कळतं.

टायर गोटा होईपर्यंत चालवायची सवय इथे सोडावी लागेल. रुंदीच्या मधल्या तीन चतुर्थांश भागात, सगळ्या घेरावर, किमान १.६ मिलिमीटर खाच हवी. आतल्या कडेला झिजलेला टायर बाहेरून चांगला दिसतो, म्हणून चाक पूर्ण वळवून आतून बघा.

आता डिझेल की पेट्रोल. जॅझ घ्या. २०११ ची डिझेल फोकस युरो ५ (धुराच्या प्रदूषणाचं युरोपीय मानक) असते आणि बर्मिंगहॅमच्या मध्यभागातल्या क्लीन एअर झोनमध्ये, म्हणजे प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना पैसे लागतात त्या भागात, डिझेलला युरो ६ लागतं, नाहीतर दिवसाला ८ पौंड. पेट्रोलला युरो ४ पुरतं. शिवाय शहरातल्या शहरात छोट्या फेऱ्या मारून डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबतो, आणि तो काढून टाकलेला आढळला किंवा सायलेन्सरमधून धूर दिसला तर गाडी नापास. पेट्रोल गाडीचा अडसर म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तपासणीला गाडी अर्धा तास चालवून गरम करून न्या, थंड कॅटॅलिस्ट वायू नीट स्वच्छ करत नाही. इंजिन, एबीएस किंवा एअरबॅगचा दिवा पेटलेला राहिला तरी नापास.

आणि घरीच बघण्यासारखं बरंच असतं. नंबर प्लेटच्या दिव्यासह सगळे दिवे, हॉर्न, वायपरची रबरं, काच धुण्याचं पाणी, सगळे सीटबेल्ट. हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब बसवू नका, त्यावर नापास करतात. डॅशबोर्डवर खाली छोटा गणपती चालतो, पण आरशाला टांगलेली माळ किंवा काचेच्या मध्यावरचा मोबाइल होल्डर समोरचं झाकत असेल तर अडवतात. ड्रायव्हरसमोरच्या पट्ट्यात वायपर फिरतो तिथे १० मिलिमीटरपेक्षा मोठा तडा नको.

मुदत संपायच्या आधी एक महिना उणे एक दिवस, एवढ्या काळात तपासणी केली तर पुढच्या वर्षीही मुदतीची तारीख तीच राहते. म्हणून लवकर जा, दुरुस्तीला वेळ उरतो. नापास झाली, जुनी एमओटी अजून चालू असली आणि डेंजरस काही नसलं, तर गाडी घरी नेता येते, अर्थात रस्त्यावर ती सुरक्षित असायलाच हवी. त्याच गॅरेजात दुरुस्तीला ठेवली तर १० कामाच्या दिवसांत अंशतः फेरतपासणी फुकट. अनेक ठिकाणी नगरपालिकेची तपासणी केंद्रं असतात, ती साधारणपणे दुरुस्ती करत नाहीत, त्यामुळे त्यांना काम काढण्यात रस नसतो. पहिल्या वर्षी तिथेच जा, आणि नापासाचा कागद घेऊन दोन-तीन गॅरेजांत भाव विचारा. तीन हजारांपैकी पाचशे पौंड यासाठी बाजूला ठेवा आणि गाडी अडीच हजारांतच शोधा.