नवीन कॉमेडी लेखकाला एका स्किटचे किती पैसे मिळतात?

तुम्ही लिहिलंय की एका कॉमेडी कार्यक्रमाने तुमची तीन स्किट्स घेतो म्हटलंय, मानधन विचारलं तर "तुमचं काय ते सांगा" म्हणाले, आणि तुम्हाला आकडाच सुचत नाहीये. मी बरीच वर्षं रेडिओ, टीव्ही आणि वेबसाठी स्किट्स लिहितोय, त्यामुळे जे बघितलंय ते सांगतो.

आकडा नंतर. आधी त्यांना विचारा की पैसे कशावर मोजणार, स्किटवर, मिनिटावर, एपिसोडवर की आठवड्यावर? नवीन माणूस नेमकं हेच विचारत नाही कारण त्याला वाटतं विचारलं तर काम हातचं जाईल. नाही जात हो. उलट समोरच्याला कळतं की या माणसाशी नीट बोलावं लागेल.

मिनिटावरचा हिशेब ही मूळची रेडिओची पद्धत. बीबीसी रेडिओ ४ वर 'वीक एंडिंग' नावाचा कार्यक्रम १९७० ते १९९८ चालला, त्यात बाहेरचा कुणीही नवखा लेखक स्किट पाठवू शकायचा, नंतर २००९ मध्ये सुरू झालेल्या 'न्यूजजॅक'मध्येही तेच. वापरलं तर मिनिटाप्रमाणे पैसे, नाही वापरलं तर काहीच नाही. ऐकायला सरळ वाटतं, पण मिनिट कुठलं धरायचं? तुम्ही लिहिलेलं नाही, ऐकवलं गेलेलं.

माझं पहिलं घेतलेलं स्किट साडेतीन पानांचं होतं. लिफ्ट बंद पडलीये, आत अडकलेल्यांपैकी एकजण लिफ्ट दुरुस्त करणाराच आहे पण त्याची ड्युटी दहा मिनिटांपूर्वी संपलीये, अशी कल्पना. हेडरायटरने पेन्सिल घेतली आणि पहिल्या दीड पानावर, म्हणजे सगळे लिफ्टमध्ये कसे चढतात त्या भागावर, एकच आडवी रेघ मारली. म्हणाले, "ते आत आहेत आणि लिफ्ट बंद आहे, इथून सुरू कर, बाकी लोकांना आपोआप कळतं." मग रीडिंगला अजून चार वाक्यं गेली, एडिटला दोन, आणि शेवटी ते १ मिनिट ५० सेकंदांचं झालं. पाच रात्री बसून लिहिलेल्या साडेतीन पानांचे पैसे मिळाले पावणेदोन-दोन मिनिटांचे. वाईट वाटलं होतं, पण स्किट ऐकलं तेव्हा पटलं की रेघ बरोबर जागी होती. तेव्हापासून मी एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असं धरतो आणि दोन पानांच्या वर गेलोच तर आधी स्वतः कापतो. मिनिटाचा दर असेल तर लांब लिहून जास्त पैसे मिळत नाहीत, लांब स्किट पूर्णच बाजूला पडायची शक्यता मात्र वाढते.

टीव्ही आणि वेबवर बहुतेक वेळा स्किटमागे ठरावीक रक्कम असते. यात अडकवणारी गोष्ट म्हणजे रिराइट. एका निर्मात्यांसाठी मी एकाच स्किटचे सात ड्राफ्ट केले, दर वेळी "थोडंसंच बदलायचंय", आणि मानधन एकदाच, कारण मी कागदावर काही लिहूनच घेतलं नव्हतं. आता मी सुरुवातीलाच सांगतो, दोन रिराइट या पैशांत, तिसऱ्यापासून वेगळे. आजवर यावर कुणी भांडलं नाहीये.

आठवड्याचा पगार हे यातलं सगळ्यात सुरक्षित काम, आणि नवीन माणसाला ते सगळ्यात उशिरा मिळतं. अमेरिकेत १९७५ पासून चालू असलेल्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये लेखक असे पगारावर असतात. तिथे बुधवारच्या वाचनाला चाळीसच्या आसपास स्किट्स येतात आणि शनिवारी त्यातली थोडीच दिसतात, काही तर रंगीत तालमीनंतर गळतात. पण गळलं म्हणून त्या लेखकाचा पगार थांबत नाही, कारण त्याला लिहिण्याचे पैसे मिळतायत, दिसण्याचे नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या टीव्ही-सिनेमाच्या लेखकांनी १४८ दिवस संप केला, त्यात स्ट्रीमिंगवरच्या कॉमेडी कार्यक्रमांच्या लेखकांना किमान मानधन मिळावं हीपण एक मागणी होती आणि संपानंतरच्या करारात मोठ्या बजेटच्या कार्यक्रमांसाठी ती मान्य झाली. म्हणजे इतक्या मोठ्या धंद्यातसुद्धा हे आपोआप मिळालं नव्हतं.

आता हक्क. एकदाच वापरायला देताय की कायमचं विकताय? पुन्हा दाखवलं, क्लिप करून टाकली, दुसऱ्या भाषेत केलं तर पैसे येणार का? नवीन माणसाला बहुतेक वेळा "सगळे हक्क आमचे" असाच कागद येतो. पहिल्या दोन-तीन कामांना मी स्वतः त्यावर सही केलीये आणि तुम्ही केली तरी मी नावं ठेवणार नाही, पण मग रक्कम जास्त मागा आणि लेखक म्हणून नाव लागेल हे लिहून घ्या, कारण पुढचं काम त्या नावावर मिळतं. आणि बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, असलेल्या देशांत कॉपीराइट लिहिल्याबरोबर तुमचा होतो, नोंदणीची अट नसते, पण तो लिहिलेल्या मजकुरावर असतो, कल्पनेवर नाही. म्हणून फोनवर कल्पना सांगत बसू नका, लिहून ईमेल करा.

फुकट करावं का हेही तुम्ही विचारलंय. मित्रांच्या ग्रुपसाठी, जिथे कुणालाच काही मिळत नाही, तिथे जरूर करा, मी तिथेच शिकलो. पण जिथे कॅमेरावाल्याला, एडिटरला, मेकअपवाल्याला पैसे मिळतायत तिथे लेखकालाही मिळालेच पाहिजेत, "एक्स्पोजर मिळेल" हे तिथे चालणार नाही.

तुमच्या तीन स्किट्सचं मी असं केलं असतं. आधी त्यांनाच विचारायचं की नवीन लेखकाला सहसा काय देता. नाहीच सांगितलं तर एका स्किटला रिराइट धरून किती दिवस जातात ते मोजा, सध्याच्या नोकरीत एका दिवसाचे जितके मिळतात त्याने गुणा, आणि तो आकडा मागा. ते कमी करतील, म्हणून ज्याच्या खाली नाही म्हणायचं तो आकडा आधीच लिहून ठेवा. आणि नोकरी आत्ता सोडू नका, पहिल्या वर्षी घेतलेल्या स्किट्सपेक्षा परत आलेली जास्त असतात, माझीही होती.

एक राहिलं, पैसे कधी मिळणार. "प्रसारणानंतर" असं लिहिलं असेल तर सावध राहा, शूट होऊन पडून राहिलेल्या एपिसोडचे पैसे मी दहा महिन्यांनी घेतलेत. अर्धे स्क्रिप्ट दिल्यावर आणि अर्धे शूटिंगच्या दिवशी असं मागा. उद्या पाठवायला साधा ईमेल हा घ्या:

"नमस्कार, तीन स्किट्स, प्रत्येकी साधारण दोन मिनिटं. मानधन प्रत्येकी अमुक, त्यात दोन रिराइट. अर्धी रक्कम स्क्रिप्ट दिल्यावर, उरलेली शूटिंगच्या दिवशी. श्रेयनामावलीत लेखक म्हणून नाव. मान्य असल्यास याच ईमेलला उत्तर द्यावं, म्हणजे पहिलं स्किट पाठवतो."

उत्तर येईपर्यंत स्किट पाठवू नका.