मऊ प्रवाळ दगडावर बसवताना

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत मऊ प्रवाळाचा (सॉफ्ट कोरल) तुकडा थेट सुपरग्लूने चिकटवायला जाऊ नकोस. त्याच्या अंगाला बुळबुळीत स्राव सुटतो; ग्लू त्या स्रावाला धरतो, प्रवाळाला नाही. माझे पहिले दोन लेदर कोरल (मऊ प्रवाळाचाच एक प्रकार) रात्रीत सुटून पंपाकडे वाहत गेले. एक वाचला नाही, त्याचं अजून वाईट वाटतं.

त्यापेक्षा खडबडीत छोटा दगड घे, कापलेली बाजू त्यावर टेकव, वरून जाळीदार कापड सैलसर गुंडाळ आणि रबर बँड लाव. ताण बेताचाच हवा, नाहीतर रबराखाली मांस कापलं जातं. मंद प्रवाहात ठेव. साधारण १ ते २ आठवड्यांत तळाची कड पातळ झालरीसारखी दगडावर पसरलेली दिसेल. ती नीट दिसेपर्यंत जाळीला हात लावू नकोस. मग जाळी काढून दगडालाच जेल सुपरग्लू लाव आणि हवा तिथे बसव.

मशरूम कोरल या प्रवाळाला तर बांधूही नकोस. दगडाच्या बारीक तुकड्यांनी भरलेल्या वाटीत सोड, तो आपणहून एखादा तुकडा धरतो.

झोअँथिड (झुपक्याने वाढणारे, प्रवाळाचे नातलग) हाताळताना मात्र हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. झोअँथिड चिकटलेला दगड कधीही उकळू नकोस, वाफही घातक ठरते.