वाचकांचे प्रश्न : उभी राहिलेली आरडी, खरी एचटी आणि पहिली हायाबुसा

प्रश्न : वडिलांची १९८४ची राजदूत ३५० (आरडी) बरीच वर्षं शेडमध्ये उभी आहे. टाकीत गंज आहे, किक निम्म्यावर अडते. मिस्त्री म्हणतात, पेट्रोल टाका, ढकलून सुरू करू. करावं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : अजिबात नाही. आधी दोन्ही प्लग काढा, प्रत्येक भोकातून १० मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जळणारं) सोडा आणि रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी मेन स्टँडवर घेऊन वरचा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने थोडं पुढे, थोडं मागे करा. किकवर उभं राहू नका. चाक हलतच नसेल तर पिस्टनच्या रिंगा बॅरलला गंजून धरल्यात. हेड-बॅरल उतरवावंच लागेल. जोर लावलात तर रिंग पोर्टच्या, म्हणजे बॅरलमधल्या भोकाच्या, कडेला अडकून तुटते आणि बॅरलही ओरखडतं.

इंजिन मोकळं झालं तरी खरी भीती क्रँकच्या सीलांची, म्हणजे क्रँकच्या दांड्याभोवतीच्या रबरी कड्यांची. ही ३४७ सीसीची दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक. ताजं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये जातं, म्हणून तिथली हवाबंदी पक्की हवी. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की सीलचं रबर कडक होतं. डाव्या, पॉइंटच्या (ठिणगी पाडणाऱ्या) बाजूचं सील गेलं की तिथून जादा हवा आत येते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि डावा पिस्टन पकडतो, म्हणजे बॅरलमध्ये जाम होतो. ओळखायची खूण म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरही आरपीएम रेंगाळतात. उजवीकडचं, क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल जळतं. पांढरा धूर थांबत नाही, उजवा प्लग ओला निघतो, गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. पुष्कळांना हा धूर टू-टी ऑइलचा वाटतो. ते टू-टी ऑइल इंजिनात सोडणाऱ्या पंपाचं ऑइल कमी करतात आणि चांगलं इंजिन घालवून बसतात.

सील तपासायला दोन्ही इनटेक आणि दोन्ही एग्झॉस्ट बंद करा आणि आत सुमारे ६ पीएसआय हवा भरा. सहा मिनिटांनी दाब फारसा उतरलेला नसावा. दोन्ही सिलिंडर एकदमच तपासा, कारण मधलं सील लॅबिरिंथ पद्धतीचं आहे (रबराऐवजी खाचांनी हवा अडवणारं), थोडी हवा पलीकडे जातेच. वेगळा गेज नसला तर रक्तदाब मोजायचा जुना पंप चालतो. त्यावरचे ३०० मिमी म्हणजे साधारण ५.८ पीएसआय. गळती कुठून होते ते साबणाच्या पाण्याने कळेल.

ऑइल पंपात हवा अडकलेली असणार, असंच धरून चाला. ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) काढा, बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या आणि मगच स्क्रू बसवा. पहिल्या टाकीला पंपाच्या जोडीला प्रत्येक लिटर पेट्रोलमागे २० मिली टू-टी ऑइल मिसळा. धूर होईल, होऊ दे.

टाकीसाठी कॉक काढून भोक बंद करा. लिटरभर गरम पाण्याला ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड या प्रमाणात टाकी भरून रात्रभर ठेवा. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि लगेच थोडं ऑइल-पेट्रोल आत फिरवा; उशीर केलात तर तासाभरात लाल थर पुन्हा चढतो. कार्ब्युरेटरचे जेट साफ करायला तांब्याच्या वायरीची एक काडी घ्या, सुई नको, भोक मोठं होतं. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी ओढलं जातं, तेव्हा गाडी उभी करायची झाली तर कार्ब्युरेटरच्या वाट्या रिकाम्या करा.

प्रश्न : राजदूत ३५० घ्यायची आहे. समोरचा 'एचटी आहे' म्हणून जास्त पैसे मागतोय. शिवाय व्हिंटेज नंबर मिळेल म्हणतो. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एचटी म्हणजे हाय टॉर्क, ३०.५ बीएचपीची; नंतरची एलटी, लो टॉर्क, २७ची. मायलेजसाठी एलटीत एग्झॉस्टचा मार्ग आवळला होता. स्टिकर बाजारात मिळतात, त्यावर जाऊ नका. चाळीस वर्षांत बॅरल आणि सायलेन्सरही इकडचे तिकडे झालेले असतात. आरसी बुकातलं वर्ष आणि इंजिन क्रमांक जुळतात का, तेवढं नीट बघा. आमच्या मते घट्ट सीलांची एलटी खिळखिळ्या एचटीपेक्षा केव्हाही बरी.

व्हिंटेजचं म्हणाल तर २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटावी लागतात. एस्कॉर्ट्सची ही गाडी १९८३ला आली, त्यामुळे २०३३च्या आधी तो प्रश्नच येत नाही. तोवर नोंदणीचं नेहमीचं पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण.

प्रश्न : इथे १९९९ची सुझुकी हायाबुसा विकायला आहे. मीटर ताशी ३५० किमीपर्यंत आहे, म्हणजे अस्सल पहिलीच ना? – एक वाचक, लंडन

उत्तर : मीटर बदलता येतं. १९९९ आणि २०००च्या गाड्यांना ३५०चं मीटर होतं. जपानी कंपन्यांनी आपसांत समजुतीने वेग ३००च्या आत ठेवायचं ठरवल्यावर २००१पासून ते बदललं. पहिल्या दोन वर्षांची मागची सबफ्रेम (सीट पेलणारी चौकट) ॲल्युमिनियमची, नंतर पोलादी. सीट काढा आणि चुंबक लावून बघा. मात्र चुंबक चिकटला म्हणून गाडी खोटी ठरत नाही. मागे जड सामान, शिवाय माणूस बसवून ॲल्युमिनियमच्या सबफ्रेमला तडे गेल्यावर पुष्कळांनी पोलादी बसवून घेतली, आणि चालवायला तीच बरी. चिकटला नाही तर वेल्डिंगच्या जागा टॉर्च मारून बघा. चासी क्रमांक कागदाशी ताडून बघालच.

आणि टायर पाहा, पुढचा १२०/७० आणि मागचा १९०/५०. कडेला लंबवर्तुळात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१६ म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही कोरी दिसो, एवढा जुना टायर असला तर दोन्हींचे पैसे किमतीतून वजा करा आणि घरी चालवत नेऊ नका, टेम्पोत घाला.